मधू कांबीकर : लावणीच्या दालनात ठेवलेली अभिनेत्री

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यातील दोन गावांची नावे मराठी रसिकांना ती गावे न पाहताच पाठ झाली आहेत. एक अमरापूर, दुसरे कांबी. सदाशिव अमरापूरकर आणि मधू कांबीकर या दोन कलावंतांनी आपल्या आडनावांबरोबर ही गावे पडद्यावर नेली. तालुका एक, पिढी एक, आणि दोघांनीही आयुष्यभर जे केले तेही एकच : अभिनय. तरीही आपण या दोघांची आठवण सारख्या रीतीने काढत नाही. अमरापूरकरांचे नाव निघाले की ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आठवतो, नाटके आठवतात, नट म्हणून त्यांची ताकद किती होती यावर बोलणे होते. मधू कांबीकरांचे नाव निघाले की लावणी येते, घुंगरू येतात, नऊवारी येते. ‘शापित’ कुणाला तरी उशिरा आठवतो. आजच्या व्याख्यानात मला एवढेच म्हणायचे आहे की हा फरक त्यांच्या कामामुळे पडलेला नाही. तो आपल्या पाहण्यामुळे पडला आहे. तमाशाच्या आणि लावणीच्या परंपरेतून आलेली बाई नाचते, गाते हे आपण मान्य केले. ती अभिनयाचे शिक्षण घेऊनच आलेली असते, हे मात्र मराठी चित्रपटाने आणि चित्रपटाविषयी लिहिणाऱ्यांनी नीट मान्य केले नाही. मधू कांबीकरांची कारकीर्द हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

आधी कामाकडे पाहू. अरविंद देशपांडे आणि राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘शापित’ 1982चा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वेठबिगारीत अडकलेल्या माणसांची ती गोष्ट. यशवंत दत्तांसारखा कसलेला नट समोर, आणि मधू कांबीकर नायिका. या चित्रपटाचे वजन गाण्यांवर किंवा नाचावर नाही. ते दोन माणसांच्या चेहऱ्यांवर आहे. पुढे 1992मध्ये जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचे, निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची. त्यात मधू कांबीकरांनी तमाशातली मंजुळा केली, म्हणजे नायक आबुरावाची (लक्ष्मीकांत बेर्डे) आई. दुसऱ्याच वर्षी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त त्या पुन्हा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आई झाल्या. वेठबिगारीवरचा वास्तववादी चित्रपट, तमाशाचा इतिहास सांगणारा चित्रपट, बोलक्या बाहुल्याचा विनोदी भयपट. तिन्हींच्या अभिनयाचा बाज वेगळा, आणि तिन्हींत ही बाई तितक्याच खात्रीने उभी आहे. याखेरीज ‘सखी माझी लावणी’ या कार्यक्रमातून त्यांनी पारंपरिक लावणी नाट्यगृहातल्या प्रेक्षकांपुढे ठेवली, ती गोष्ट निराळीच. नाट्यशाळेतून आलेल्या एखाद्या नटीच्या नावावर एवढी कामे असती, तर तिच्या अभिनयशैलीवर आपण लेख लिहिले असते.

मग प्रश्न येतो की हे शिक्षण कुठे झाले? त्यासाठी तमाशाला नुसते ‘करमणूक’ म्हणून सोडून न देता त्याच्या आत काय चालते ते बघावे लागते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली, तोवर तिथे बायकांची कामे नाच्या पोरे करीत होती. शाहीर पठ्ठे बापूरावांची कवने आणि पवळेचे सादरीकरण ही जोडी मुंबईपर्यंत गाजली. पवळेच्या रूपाची आणि आवाजाची वर्णने पुष्कळ झाली. पण बाईचे सोंग घेणाऱ्या पोऱ्याच्या जागी खरी बाई येते तेव्हा नुसता देखावा बदलत नाही, अभिनयाची रीतच बदलते. गणगौळणीत मावशीच्या आणि कृष्णाच्या चेष्टेला उत्तर द्यायचे, बतावणीत सोंगाड्याचा शब्द झेलून त्याच दमात परत फेकायचा, आणि वगात राणीपासून भिकारणीपर्यंत जे पात्र वाट्याला येईल ते रात्रभर ओढून न्यायचे. जुन्या वगाला छापील संहिता नसायची. सरदार कथा सांगायचा, प्रवेशांचा क्रम ठरायचा, आणि संवाद बोर्डावर जन्मायचे. समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसताना पात्राच्या बाहेर न जाता बोलत राहणे, याला आज कार्यशाळांमध्ये पैसे भरून शिकण्याचा विषय समजतात. फडातल्या बाया ते जत्रेच्या हंगामात, चैत्र-वैशाखाच्या रात्रींत, रोज करीत होत्या. संगमनेरमध्ये स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर वगात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करीत आणि गावोगावचे प्रेक्षक ती मानीत. बाईने राजाचे पात्र उभे करायचे, तेही राजाला दैवत मानणाऱ्या माणसांपुढे! हे नुसत्या नृत्यकौशल्यावर होत नाही.

इथे एक आक्षेप अगदी रास्तपणे घेतला जातो. तमाशातला अभिनय असेल, पण तो मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या हातवाऱ्यांचा. उघड्या माळावर हजारो माणसांपुढे, पूर्वी तर ध्वनिक्षेपकाशिवाय, तो करायचा. चित्रपटाचा कॅमेरा नटाच्या पापणीपर्यंत येतो. तिथे हा अभिनय भडक ठरतो. म्हणून तमाशाची बाई चित्रपटात नाचासाठी घ्यावी आणि भूमिकेसाठी दुसरी कुणी शोधावी, हे व्यवहाराचेच झाले. आक्षेपात तथ्य आहे, पण ते ढोलकी फडाच्या तमाशापुरते. या परंपरेचे दुसरे अंग संगीतबारीचे आहे, आणि आपल्या जिल्ह्यात जामखेडसारख्या ठिकाणी कला केंद्रांतून ते आजही चालते. बारीत प्रेक्षक चार-पाच हातांवर बसतो. बैठकीच्या लावणीत गाणारी उठतसुद्धा नाही. मांडी घालून किंवा एक गुडघा उभा धरून ती बसते. शेजारी पेटी आणि तबला. ओळ एकच, पण ती पुन:पुन्हा येते. पहिल्यांदा ती ओळ तक्रार असते. दुसऱ्यांदा पदराचे टोक बोटाला गुंडाळता गुंडाळता तीच ओळ लाडीगोडी होते. तिसऱ्यांदा नजर समोरच्या माणसावरून काढून दाराकडे लावली की त्याच शब्दांत वाट पाहणे येते. चौथ्यांदा ओठ हलतात, भुवई उचलली जाते, आणि ओळ पेटीच म्हणते. हिला जाणकार अदाकारी म्हणतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ या अदाकारीसाठी ओळखल्या गेल्या आणि 2012मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती याच विद्येच्या बळावर. शब्द न बदलता अर्थ बदलणे, शरीर जागेवर ठेवून नजरेने प्रसंग उभा करणे : जवळून घेतलेल्या दृश्यासाठी नटाला याहून वेगळे काय यावे लागते? नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेल्या नटापेक्षा बारीतून आलेली कलावंत कॅमेऱ्याच्या जास्त जवळची आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘शापित’ पाहताना ते पटते.

मराठी चित्रपटाने मात्र देवघेव दुसऱ्याच हिशेबाने केली. 1947मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ने तमाशाची गोडी पडद्यावर किती चालते ते दाखवले. त्याच सुमारास, स्वातंत्र्यानंतर लगेचच, मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. आयत्या वेळी संवाद रचणारी वगाची कला या अटीने बांधली गेली, हेही जाता जाता नोंदवायला हवे. पडद्यावरच्या तमाशाला टाळ्या आणि बोर्डावरच्या तमाशाला बंदी, असा तो काळ. त्यानंतर 1959मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून राहिला, 1972मध्ये ‘पिंजरा’ आला, आणि तमाशापट हा मराठी चित्रपटाचा हुकमी साचा बनला. या साच्यात ढोलकी तमाशाची होती, फडाच्या कनाती तमाशाच्या होत्या, पायताल तमाशाचा होता. नायिका मात्र सहसा बाहेरून येत.

यावर विचारले जाईल की या साच्यात गाजलेल्या हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचे मोठेपण नाकारायचे का? अजिबात नाही. हंसाबाईंचा अभिनय मराठी पडद्यावरच्या सर्वोत्तम अभिनयात गणावा लागतो, आणि त्यांनी सांगितलेले, अरुण साधूंनी शब्दबद्ध केलेले आत्मचरित्र नटीच्या आयुष्याची किंमत काय असते हे सांगणारे मराठीतले निर्भीड पुस्तक आहे. जयश्रीबाईंनी तर ‘सांगत्ये ऐका’तल्या लावणीपासून दूरदर्शनवरच्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’मधल्या कौसल्येपर्यंतचा पल्ला गाठला. माझा मुद्दा जन्माचा नाही. फडात जन्मलेल्या बाईनेच फडातल्या बाईची भूमिका करावी, असे म्हणणे म्हणजे तिला पुन्हा त्याच कनातीत कोंडणे होय. मुद्दा देवघेवीचा आहे. जयश्रीबाईंना तमाशातून कौसल्येपर्यंत जाता आले, कारण त्या आधी नटी मानल्या गेल्या आणि लावणी ही त्यांची एक भूमिका मानली गेली. फडातून येणारीच्या बाबतीत लावणी ही तिची ओळख ठरते आणि बाकीच्या भूमिका अपवाद ठरतात. दोघींचे कौशल्य सारखे धरले, तरी वाटा सारख्या राहत नाहीत.

याहून सूक्ष्म अन्याय कौतुकातून होतो, आणि मला तो जास्त सलतो. ‘जैत रे जैत’मध्ये स्मिता पाटील ठाकर मुलगी झाल्या, तेव्हा आपण त्याला अभिनय म्हटले, आणि बरोबरच म्हटले, शहरात वाढलेल्या, दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या मुलीने डोंगरातली चिंधी उभी केली हे कष्टाचे आणि प्रतिभेचे काम होते. पण मधू कांबीकरांनी खेड्यातली राबणारी बाई केली की आपण सहज बोलून जातो, ‘किती नैसर्गिक!’ आणि पुढे जोडतो, ‘त्यांनी ते सगळे जवळून पाहिलेलेच ना.’ म्हणजे एकीने मिळवले ते कौशल्य आणि दुसरीने मिळवले ते नशीब. आयुष्यात सोसलेले पडद्यावर आपोआप उतरत असते, तर या जिल्ह्यातल्या प्रत्येक ऊसतोड मजूर बाईला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला असता. सोसलेल्या गोष्टीपासून दोन पावले मागे सरकून ती नेमक्या जागी, नेमक्या श्वासात, दहाव्यांदा घेतलेल्या दृश्यातही पहिल्यांदा घडल्यासारखी दाखवणे हे काम कुणाच्याच रक्तात नसते. ते शिकावे लागते. बैठकीत एक ओळ वीस प्रकारे म्हणायला लावणाऱ्या गुरूकडून ते शिकता येते.

‘एक होता विदूषक’मधली मंजुळा या दृष्टीने पुन्हा पाहावी. वरवर पाहिले तर इथे मधू कांबीकर आपल्या परिचयाच्या जगात आहेत. तमाशातल्या बाईने तमाशातली बाई केली, त्यात काय विशेष, असे वाटेल. पण भूमिकेची मागणी दुहेरी आहे. मंजुळा बोर्डावर कलावंत आहे आणि कनातीमागे इनामदाराच्या नात्यात अडकलेली, पोराची आई झालेली बाई आहे. बोर्डावर तिने प्रेक्षकांकडे बघायचे, मागे आल्यावर कुणीच बघत नाही असे वागायचे. म्हणजे नटीने एकाच चित्रपटात ‘अभिनय करणारी बाई’ आणि ‘अभिनय उतरवून ठेवलेली बाई’ अशा दोन पातळ्या वेगळ्या राखायच्या. ज्या नटीला बोर्डावरचे आविर्भाव नुसते जमतात, ती मागच्या प्रसंगातही तसेच करील. जिला ते मुळात येत नाहीत, तिचा बोर्ड खोटा वाटेल. इथे दोन्ही बाजू खऱ्या राहतात. याच चित्रपटासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. परंपरेतली जाणती बाई ‘नृत्यदिग्दर्शक’ या पूर्ण आधुनिक नावाने श्रेयनामावलीत आली आणि देशाने तिचा गुरू म्हणून गौरव केला. नाचाच्या बाबतीत जे एकदा घडले, ते अभिनयाच्या बाबतीत का घडू नये?

‘झपाटलेला’तली आई ही तर मला आणखी कठीण भूमिका वाटते. चित्रपट बाहुल्याचा आहे. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे यांचा धावता विनोद. अशा चित्रपटात काळजीने कासावीस झालेली आई कुणी खरी केली नाही, तर प्रेक्षकाला भीती वाटण्याचे कारणच उरत नाही, कारण मग कुणाचेच काही पणाला लागत नाही. हे काम मधू कांबीकरांनी केले, विनोदाच्या आड न येता आणि विनोदात न विरघळता. बतावणीत सोंगाड्याच्या समोर उभे राहायला शिकलेल्या कलावंताला हा तोल ठाऊक असतो : हशा त्याने घ्यायचा, पण प्रसंग हिने धरून ठेवायचा. आणि ध्यानात घ्या, बेर्डे आणि त्या जवळपास एकाच वयाचे. चाळिशीच्या आसपासच्या नटीला समवयस्क नायकाची आई करणे ही मराठी-हिंदी चित्रपटाची जुनी सवय आहे, ती काही एकट्या त्यांच्याच वाट्याला आली नाही. पण ज्या नटीकडे मुळात नायिकेच्या भूमिकाच थोड्या आल्या, तिच्या बाबतीत ही सवय जास्त महाग पडते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कुणी म्हणेल, लावणी ही त्यांनी स्वतः अभिमानाने मिरवलेली ओळख आहे. ‘सखी माझी लावणी’ त्यांनी आपल्या निवडीने केले; लावणीला नाट्यगृहात मानाने नेणे हे त्यांचे जीवितकार्य म्हणता येईल. त्यांना लावणीच्या नावाने ओळखण्यात अपमान कसला? अपमान नाहीच. लावणीकडे पाठ फिरवून ‘शुद्ध अभिनेत्री’ होण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही, यात त्यांचा मोठेपणा आहे. माझी तक्रार लावणीच्या मानाबद्दल नाही, लावणीच्या व्याख्येबद्दल आहे. आपण लावणी म्हणजे पायांचे काम समजतो, म्हणून तिच्या नावाने एखादीचा गौरव केला की तिच्या चेहऱ्याचे काम आपल्या नजरेतून सुटते. अदाकारी हाच लावणीचा गाभा मानला, तर ‘शापित’मधली नायिका आणि ‘सखी माझी लावणी’तली कलावंत या दोन वेगळ्या बाया राहत नाहीत. एकाच विद्येचे ते दोन प्रयोग ठरतात.

शिवाय एक इशारा मला स्वतःलाही द्यावा लागतो. परंपरेचा गौरव करताना तिच्यातल्या बाईची परवड झाकली जाण्याचा धोका मोठा आहे. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन 1994मध्ये आले आणि घुंगरांमागचे शोषण आपल्याला आतून दिसले. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाले, पण अखेरच्या काळात त्यांना हलाखी चुकली नाही. तेव्हा ‘तमाशा ही अभिनयाची शाळा’ असे म्हणताना त्या शाळेत मुली कशा आल्या, त्यांना निवड होती का, हे विचारलेच पाहिजे. कला थोर आणि तिची व्यवस्था क्रूर, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मात्र या क्रौर्याकडे बोट दाखवून कुणी कलेचेच श्रेय काढून घेऊ लागले, तर ते मला मान्य नाही. ज्या बाईकडून व्यवस्थेने तारुण्य, घर, मुलांचे नाव असे पुष्कळ काही घेतले, तिने स्वतःच्या कष्टाने कमावलेली विद्या तरी तिच्या नावावर राहू द्यायला हवी.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही, संस्थांच्या रचनेची आहे. मुंबई विद्यापीठात नाट्यशिक्षणासाठी अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे आणि लोककलांसाठी लोककला अकादमी आहे. दोन्हींचे काम मोलाचे. पण ही वाटणीच सांगते की अभिनय एका दालनात शिकायचा आणि लावणी दुसऱ्या. नाट्यशाळेच्या अभिनयाच्या वर्गात स्तानिस्लावस्की येतो, यायलाच हवा. त्याच वर्गात बतावणीचा तास संगमनेरच्या फडातल्या कलावंताने आणि अदाकारीचा तास जामखेडच्या बारीतल्या कलावंताने घ्यावा, ‘लोककलेची ओळख’ म्हणून नव्हे तर अभिनयाचा शिक्षक म्हणून, त्याच मानधनावर. चित्रपटाकडे पाहिले तरी तेच. ‘नटरंग’ 2010मध्ये आणि ‘चंद्रमुखी’ 2022मध्ये आला; तमाशाचे जग पडद्यावर पुन्हा चालले, नायिका पुन्हा बाहेरून आल्या आणि त्यांनी मेहनतीने कामे केली. कला केंद्रांतल्या मुलींची चाचणी मुख्य भूमिकेसाठी घ्यावी, हा विचार रुजायला अजून अवकाश आहे असे दिसते.

आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर काम ताबडतोब करण्यासारखे आहे. कांताबाई सातारकर 25 मे 2021 रोजी गेल्या. राज्य शासनाचा विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. पण त्या वगातला राजा कसा उभा करीत, पहिले पाऊल कोणते टाकीत, आवाज कुठून काढीत, याची तपशीलवार चित्रित नोंद आता त्यांच्याकडून घेता येणार नाही. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे संगमनेरात आहेत. बैठकीची अदाकारी जाणणाऱ्या वयस्क बाया जामखेडला आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जायचे ते मुलाखतीसाठी नव्हे, पाठासाठी : एक ओळ घ्यायची, तिच्या सगळ्या अदा क्रमाने करून घ्यायच्या, प्रत्येक अदा का आणि कुठल्या प्रसंगी, हे त्यांच्याच तोंडून सांगवून घ्यायचे. त्या पाठांशेजारी ‘शापित’ आणि ‘एक होता विदूषक’मधली मधू कांबीकरांची दृश्ये ठेवून अहिल्यानगरच्या महाविद्यालयांतल्या नाटक करणाऱ्या मुलामुलींना ती दाखवायची. पवळेच्या वेळी हे साधन नव्हते. तिच्या अभिनयाविषयी आज आपल्याकडे आख्यायिका तेवढ्या उरल्या आहेत. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि शिकवणाऱ्या बाया अजून बसून गाऊ शकतात.